ऑर्मरॉडबाईंनी विचारलेला प्रश्न

वेदरक्लफमध्ये कुणाचं घर कुणाला जाणार, हे दलालाची ‘विकले’ अशी पाटी लागण्याआधी गावाला कळायचं, आणि ते कळायचं ऑर्मरॉडबाईंच्या काठीवरून. रविवारी चॅपल सुटलं की बाई चढावरच्या कुठल्या तरी घराच्या मागच्या बोळात काठी टेकून उभ्या दिसायच्या. छपराच्या पाट्या बघायच्या, परसाची भिंत बघायच्या, कोळशाची खोली कोणाच्या बाजूला उघडते ते बघायच्या. शेजारीण खिडकीतून हात करायची आणि दुपारच्या जेवणाआधी बातमी खालच्या गल्लीत पोचलेली असायची.

बाई सॉलिसिटर, म्हणजे घरांची खतं करणाऱ्या वकील, आणि खरं म्हणजे सॉलिसिटरने घर बघायला जायचंच नसतं. त्याने कागद बघायचे, नकाशा बघायचा. घर उभं आहे की पडलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण वकिलीच्या पहिल्याच वर्षी बाईंनी एका नव्या जोडप्याला घर घेऊन दिलं, आणि राहायला गेल्यावर त्यांना कळलं की परसातली कोळशाची खोली शेजाऱ्याच्या मालकीची आहे. नकाशात ती रेघ होती. बाईंनी ती पाहिलीही होती, पण रेघेत कोळसा थोडाच दिसतो. त्या दोघांनी अख्खा हिवाळा कोळसा बैठकीच्या खोलीत, सोफ्यामागे ठेवला. नवरा बाजारात भेटला की काळी झालेली बोटं मुद्दाम दाखवायचा. तेव्हापासून बाई प्रत्येक घर स्वतः बघून यायला लागल्या, ते चाळीस वर्षांत सुटलं नाही.

बाई आमच्याच गावच्या. वडील सिरिल ऑर्मरॉड सपातांच्या कारखान्यात कातडं कापायचे. त्यांची ही एकुलती एक पोर, ॲव्हरिल, शिकली, मँचेस्टरला जाऊन सॉलिसिटर झाली आणि सगळ्यांना वाटलं आता ही काही परत येत नाही. ती परत आली आणि बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत तिने कचेरी मांडली. तिच्याकडच्या खरेदीखतांना मांस-बटाट्याच्या पाईचा वास यायचा. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची छाती फक्त मॉरीनने केली, आणि तिलाही उत्तर मिळालं नाही. मॉरीन म्हणजे बाईंची टायपिस्ट, हिशेबनीस, चहावाली आणि चौकीदार. चारचौघांत ती ‘मिस ऑर्मरॉड’ म्हणायची आणि दार लागलं की ‘अगं ॲव्हरिल’.

आता बँकेचं सांगायला हवं, कारण बाईंचं सगळं तिथेच अडलं. आमच्याकडे घर घेणाऱ्याचा वकील तोच कर्ज देणाऱ्या बँकेचाही वकील असतो. एकाच घरासाठी दोन वकिलांची फी कोण भरणार? घेणाऱ्याचं घर निर्धोक आहे हे तोच बघतो, बँकेचं कर्ज निर्धोक आहे हेही तोच बघतो, आणि बँक कर्जाची सगळी रक्कम त्याच्याच खात्यात पाठवते. एवढा भरवसा कुणावरही कसा टाकायचा, म्हणून बँक आपल्या भरवशाच्या वकिलांची यादी ठेवते. तिला पॅनेल म्हणतात. पॅनेलवर असाल तर तुमचं दुकान चालतं. नसाल तर घेणाऱ्याला बँकेच्या वकिलाचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि मग तो तुमच्या जिन्याची पायरी कशाला चढेल?

पूर्वी पॅनेल म्हणजे नुसती ओळखदेख होती. बँकेचा मॅनेजर बेकरीत पाई घ्यायला आला की वर डोकावून जायचा, तीच तपासणी. मग बँका बुडायची वेळ आली, कुठे कुठे वकिलांनीच बँकेचे पैसे घेऊन पोबारा केल्याचं बाहेर आलं, आणि बँकांनी पॅनेलं झाडायला काढली. सुक्याबरोबर ओलंही जळतं. मोठ्या शहरांतल्या कंपन्या उरल्या, जिथे शंभर पोरी कानाला यंत्र लावून फोनवर घरं विकतात, आणि आमच्यासारख्या डोंगरातल्या गावांतले एकेकटे वकील गळत गेले. अर्ध्या वेदरक्लफची कर्जं ज्या बँकेकडे होती, तिचंही त्या शरद ऋतूत बाईंना पत्र आलं. तुम्ही आमची कर्जं फार थोडी करता, तेव्हा आमचा अधिकारी येऊन तुमची कामं तपासेल, त्याने शिफारस केली तरच तुम्ही पॅनेलवर राहाल, असं त्यात होतं. बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मॉरीनने ते एकदाच वाचलं आणि किटली जरा आपटूनच शेगडीवर ठेवली.

दोघींच्या हिशेबाने वाचवू शकेल असं एक काम हातात होतं. विल्फ टॅटरसॉलची मुलगी जनीन आणि तिचा नवरा क्रेग चढावरचं म्हाताऱ्या मिसेस ग्रिमशॉचं घर घेत होते. कर्ज त्याच बँकेचं आणि चांगलं मोठं. अधिकारी यायच्या आत असं एक काम नीट पार पडलं असतं, तर बाईंची बाजू भक्कम झाली असती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी बाई नेहमीप्रमाणे ते घर बघायला गेल्या. मागच्या बोळात शिरल्या तर परसात विल्फच गुडघ्यांवर बसला होता. शेजारी बादली, बादलीत मातीने माखलेले, आंबट देठांच्या रूबार्बचे दोन मोठे कंद. विल्फ अठ्ठ्याहत्तरचा. सिरिलच्या शेजारच्या टेबलावर त्याने उभा जन्म सपाता शिवल्या होत्या, आणि बाई लहानपणापासून त्याला विल्फकाका म्हणत आल्या होत्या.

“काका, घर अजून झालेलं नाही,” बाई भिंतीपलीकडून म्हणाल्या.

“तुम्हा वकिलांची वाट बघत बसलो तर रूबार्ब मरेल, पोरी. मिसेस ग्रिमशॉनेच सांगितलं, लाव म्हणून.” विल्फने कंदाभोवतीची माती हाताने दाबली. “माझ्या आईचं आहे हे. कौन्सिलच्या घरातून उपटून आणलं. ती मागची खोली बघ, ती माझी. अंथरुणातून दिसेल हे.”

मग त्याने न विचारताच सगळं सांगितलं, कारण सांगायला कुणी मिळालं की विल्फ थांबत नसे. कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं भाड्याचं घर, ज्यात बायको वारली, ते तो सोडणार होता. साठवलेलं सगळं, बायकोच्या विम्याचं धरून, जनीनला घराच्या सुरुवातीच्या भरण्यासाठी दिलं होतं. आता पैसे ठेवून करायचं काय? रूबार्ब पहिल्या वर्षी तोडायचं नसतं, हेही त्याने बाईंना बजावलं. पहिल्या वर्षी एक देठ तोडलंत तरी कंद रुसतो. दुसऱ्या वर्षापर्यंत टिकलो तर खाईन, असं म्हणून तो हसला.

बाई हसल्या, पण घरी येताना काठी जड झाली. जनीनने कचेरीत लिहून दिलं होतं की घरात नवराबायकोंशिवाय मोठं माणूस राहणार नाही आणि भरणा स्वतःच्या शिलकेतला आहे. बँकेचा नियम असा, की सतरा वर्षांवरचं कुणीही घरात राहणार असेल तर त्याची सही लागते: उद्या हप्ते थकले आणि बँकेने घर काढून घेतलं तर मी आड येणार नाही, मुकाट्याने बाहेर पडेन. आणि ती सही करण्याआधी त्याने दुसऱ्या, स्वतंत्र वकिलाकडून समजून घ्यायचं. हा नियम बँकेने स्वतःच्या काळजीपोटी केलेला. विल्फच्या काळजीने नव्हे. पण त्या एका सहीच्या निमित्ताने तरी कुणीतरी म्हाताऱ्याला समोर बसवून सांगितलं असतं की बाबा रे, तुझे पैसे कुठे चाललेत आणि तुझ्या हातात काय उरतंय. दुसरं कुणी सांगणार नव्हतं. बाईंना ते त्या रस्त्यावरच कळलं.

सोमवारी त्यांनी जनीनला बोलावलं. जनीन काही वाईट पोर नव्हती. दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची, दोन मुलं सांभाळायची आणि रोज संध्याकाळी बापाला गरम जेवण नेऊन द्यायची. कर्जाच्या दलालाने तिला सांगितलं होतं, वडिलांचं नाव काढू नका, उगाच महिना जाईल. तेवढं तिने ऐकलं होतं.

“बाबांना घाबरवायचं का?” ती म्हणाली. “वकिलाकडे बसवून सांगायचं, तुम्हाला रस्त्यावर काढतील? त्यांना वाटेल पोरगी लुबाडतेय. आणि नाताळच्या आत झालं नाही तर मिसेस ग्रिमशॉ दुसऱ्याला देऊन टाकतील.”

बाईंनी सांगितलं की बँकेला कळवायला मला तुझी परवानगी दे, मी पंधरा दिवसांत सगळं उरकते. जनीन नाही म्हणाली.

“मग मला हे काम सोडावं लागेल.”

“तुम्ही वकील आमच्या का बँकेच्या, मिस ऑर्मरॉड?”

“दोघांच्याही.”

“एका म्यानात दोन तलवारी,” जनीन म्हणाली, आणि पर्स उचलून जिना उतरली.

ही तलवारींची गोष्ट तिने अगदी नेमकी सांगितली होती. अशिलाने नको म्हटल्यावर बाईंना बँकेला काहीच सांगता येत नव्हतं, आणि बँकेपासून लपवून काम करताही येत नव्हतं. अशा वेळी वकिलाने एवढंच करायचं: दोघांचेही कागद परत करायचे, आणि बँकेला लिहायचं की आम्ही हे काम पुढे करू शकत नाही. का, ते लिहायचं नाही. बाईंनी तेच केलं. मॉरीनने ते पत्र टाइप केलं, आणि आपण आपल्याच पोटावर पाय देतोय हे तिने टाइप करता करता तीनदा बोलून दाखवलं. जनीन मँचेस्टरच्या एका कंपनीकडे गेली, जिथे कुणी परसात डोकावत नाही.

बाईंनी एवढ्यावर थांबायला हवं होतं. कायद्याने त्यांचं काम संपलं होतं. पण डिसेंबरातल्या एका शनिवारी छपराखालच्या बाजारात वाटाण्याच्या गाड्यापाशी विल्फ भेटला. कपात गरम काळे वाटाणे, वर व्हिनेगर. विल्फने बाईंसाठीही एक कप घेतला, बाई पैसे काढेपर्यंत देऊनही टाकले.

“आमच्या जनीनला सोडलंस म्हणे,” तो म्हणाला. “ती म्हणते, तुझ्याच्यानं आता काम होत नाही. मी म्हटलं, सिरिलची पोर आहे, असं व्हायचं नाही.”

बाईंनी कपातलं व्हिनेगर चमच्याने ढवळलं.

“जाऊ दे. त्या मँचेस्टरवाल्यांचं भराभर चाललंय. परवा सोमवारी मी कौन्सिलला चावी देतोय.”

त्या चावीने घात केला. कौन्सिलचं घर एकदा सोडलं की ते पुन्हा मिळत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बाईंनी कप हातात धरला होता, वाटाणे तसेच होते. सांगण्यासारखं सगळं तोंडाशी आलं होतं आणि त्यातलं एक अक्षर उच्चारायची त्यांना मुभा नव्हती. विल्फ अशील नव्हता. अशील जनीन होती, सोडली तरी तिचं गुपित बाईंकडे ठेवलेलं होतं.

“काका,” बाई शेवटी म्हणाल्या, “तुमचा स्वतःचा वकील कोण आहे?”

विल्फ मनापासून हसला. “मला कशाला वकील? मी काय खून केलाय? आमच्या सात पिढ्यांत कुणी घर घेतलं नाही.”

“तुमचा स्वतःचा वकील कोण आहे, काका?” बाईंनी तोच प्रश्न पुन्हा, त्याच शब्दांत विचारला. मग त्यांनी न खाल्लेला कप गाड्यावर ठेवला आणि त्या भराभर बाजाराबाहेर पडल्या. विल्फ हाक मारत होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर विल्फ बाजारात दिसेनासा झाला. जानेवारीअखेर चढावरच्या घराला ‘विकले’ची पाटी लागली. जनीन रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूने जायची. सोमवारी विल्फने चावी दिली की नाही, कुणाला विचारलं की नाही, बाईंना काहीच कळलं नाही, आणि कळून घेण्याचा त्यांना हक्कही नव्हता.

फेब्रुवारीत बँकेचा अधिकारी आला. लडलम त्याचं नाव. बाईंची आणि मॉरीनची अशी कल्पना होती की कुणीतरी चकचकीत बुटांचा तरुण येईल. आला तो पन्नाशीपुढचा, पूर्वी कुठल्या तरी शाखेचा मॅनेजर असलेला, बूट झिजलेला माणूस. त्याने सकाळभर फायली पाहिल्या आणि दुपारी खालची पाई खाल्ली. एका फाइलमध्ये बाईंनी हाताने काढलेलं परसाचं चित्र होतं, भिंत कुठे खचली आहे ते दाखवणारं. त्यावर तो बराच वेळ थांबला.

“हे कोणी सांगितलं होतं काढायला?” त्याने विचारलं.

कुणी नाही, असं बाई म्हणाल्या, आणि कोळशाच्या खोलीची गोष्ट त्यांनी सांगितली. लडलम सोफ्यामागच्या कोळशावर इतका हसला की मॉरीनने आतून डोकावून पाहिलं. मग त्याने टॅटरसॉलची फाइल उघडली, शेवटचं पत्र वाचलं आणि मिटली. काम का सोडलंत हे मी विचारत नाही, विचारलं तरी तुम्ही सांगणार नाही, असं तो म्हणाला. कर्जं थोडी असली तरी मी तुमची शिफारस करणार आहे, हेही त्याने सांगितलं. मॉरीनने त्याला न मागता दुसरा चहा आणला, त्यावरून ती ऐकत होती हे कळलं.

राहिलं होतं शेवटचं पान. दरवर्षीच्याच प्रश्नांचं. हो किंवा नाही लिहायचं आणि खाली सही करायची. बाई लिहीत गेल्या आणि एका प्रश्नापाशी थांबल्या. या वर्षात तुमच्या हातून अशिलाच्या विश्वासाला बाध येईल असं काही घडलं का?

“तिथे सगळे ‘नाही’च लिहितात,” लडलम म्हणाला.

बाईंनी पेन टेकवलं नाही. त्यांनी सांगितलं की नाव सांगता येणार नाही, पण एका अशिलामुळे एक गोष्ट मला कळली होती, आणि ती मनात धरून मी तिसऱ्याच माणसाला एक प्रश्न विचारला.

“काही सांगितलंत त्याला?”

“नाही. नुसता प्रश्न.”

“प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही, मिस ऑर्मरॉड.”

“पण कशासाठी विचारला ते मला ठाऊक आहे ना.”

लडलमने कप खाली ठेवला. “हे मी ऐकलेलं नाही. हे पान माणूस वाचत नाही, यंत्र वाचतं. ते ‘हो’ एवढंच वाचतं, पुढे तुम्ही रामायण लिहिलंत तरी. मग माझ्या शिफारशीला कुणी विचारणार नाही. ‘नाही’ लिहा.”

माणूस चांगला होता. बाईंना तो आवडलाही होता, आणि त्या क्षणी त्यांना पॅनेलवर राहायचं होतं, हे खोटं कशाला बोला? कचेरी हवी होती, मॉरीनचा पगार हवा होता, रविवारचे बोळ हवे होते. चाळीस वर्षं प्रत्येक घरामागे त्यांनी बँकेला लिहून दिलं होतं की याहून जास्त कळवण्यासारखं काही नाही, आणि बँकेने त्यावर लाखो पौंड सोडले होते. जनीनने ‘कुणी राहणार नाही’ असं लिहिलं म्हणून त्यांनी तिचं काम सोडलं होतं. आता त्यांनी स्वतः ‘नाही’ लिहायचं? बाईंनी ‘हो’ लिहिलं, सही केली आणि पान त्याच्याकडे सरकवलं. लडलमने ते बॅगेत ठेवलं. जाताना त्याने मॉरीनला पाईचे पैसे विचारले आणि ती नको म्हणत असताना ठेवून गेला.

“हात दाखवून अवलक्षण,” दार लागल्यावर मॉरीन म्हणाली. “अगं ॲव्हरिल, तुला कुणी विचारलं होतं का?”

“विचारलं होतं की. तिथे लिहिलंच होतं.”

मॉरीन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. बाईंनी तिला रुमाल दिला, मग दुसऱ्या रुमालाने स्वतःचे डोळे पुसले. दोघींनी मिळून उरलेला चहा प्यायला.

बँकेचं पत्र आलं ते दोन ओळींचं. पाठोपाठ दुसऱ्या दोन बँकांनीही बाईंना पॅनेलवरून काढलं, कारण प्रत्येक बँक विचारते की दुसऱ्या कुणी तुम्हाला काढलंय का, आणि बाई तिथेही ‘हो’ लिहीत राहिल्या. मृत्युपत्रांवर आणि कुंपणांच्या भांडणांवर वर्षभर कचेरी चालली. मॉरीनला बेकरीनेच गल्ल्यावर ठेवून घेतलं. लोक भले, पण व्यवहाराला पक्के. ऑर्मरॉडबाईंसारखी बाई नाही म्हणत म्हणत ते मँचेस्टरला फोन लावायचे. त्यांना बोल तरी कसा लावायचा? दोन वकिलांची फी कुणाला परवडते?

बाईंना या सगळ्याचं दुःख होतंच, पण रात्रंदिवस टोचत होतं ते वेगळंच. तो प्रश्न कामी आला का? आला असता तर सगळं गेलं तरी चाललं असतं. एकदा, फक्त एकदाच, त्या वसंतातल्या एका रविवारी बाई चढावर गेल्या. मागच्या खोलीच्या खिडकीला पडदा होता. परसात रूबार्बची पानं हातभर वाढली होती, एकही देठ तोडलेलं नव्हतं. म्हातारा तिथे राहतोय एवढं त्यावरून कळत होतं. कशाच्या आधारावर राहतोय, ते पडद्यावरून कळत नव्हतं.

त्याच्या पुढच्या वसंतात बाई कचेरी रिकामी करत होत्या. फायली खोक्यांत भरून झाल्या होत्या, भिंतीवरची घड्याळाची खूण तेवढी उरली होती. जिन्यावर पावलं वाजली. थांबत थांबत, कठड्याचा आधार घेत कुणीतरी वर येत होतं. दारात विल्फ उभा होता. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबोडकं होतं, आणि त्याला धाप लागली होती.

बाईंनी त्याला एकुलत्या उरलेल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः खोक्यावर बसल्या.

“त्या सोमवारी मी चावी दिली नाही,” विल्फने श्वास जमल्यावर सुरुवात केली. जणू बोलणं बाजारातून तसंच पुढे चाललं होतं. “तू तो वाटाण्याचा कप तसाच टाकून गेलीस ना, ते माझ्या डोक्यातून जाईना. सिरिलच्या घरात अन्न टाकत नसत. म्हटलं, काहीतरी आहे. मग बस धरून टेकडीपलीकडे गेलो, एक वकील गाठला. तरुण आहे, पण नीट बोलतो. म्हणाला, ‘बँकेनं घर काढून घेतलं तर तुम्ही पिशवी घेऊन रस्त्यावर.’ जन्मात इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“मग?”

“मग काय? जनीन महिनाभर रुसली. तिला वाटलं बाप तिला चोर म्हणतोय. मी म्हटलं, चोर नाही म्हणत, पण पैसे माझे तर नाव माझंही. आता घराच्या कागदावर चौथा हिस्सा माझा आहे. बँकेच्या त्या कागदावरही मी सही केली, वाचून केली. क्रेगचं काम बंद पडलं होतं मागल्या हिवाळ्यात, तेव्हा तीच म्हणाली, बरं झालं बाबा, तुमचा वकील होता.” विल्फने कपाळ पुसलं. “तू मला काहीच सांगितलं नाहीस.”

“सांगता येत नव्हतं, काका.”

“ते तो टेकडीपलीकडचाही म्हणाला. म्हणाला, तुम्हाला तो प्रश्न कुणी विचारला ते मला सांगू नका.”

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. सोळा महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, आणि जाताना दुखवून गेलं. पॅनेलचं विल्फला काही ठाऊक नव्हतं. बाई म्हाताऱ्या झाल्या म्हणून दुकान बंद करताहेत, एवढंच गावाला ठाऊक होतं, आणि बाईंनीही ते तसंच राहू दिलं.

विल्फने वर्तमानपत्र उलगडलं. आत रूबार्बची देठं होती, बोटभर जाड, गुलाबी, बुडाशी माती लागलेली. दुसऱ्या वर्षाची पहिली तोड. साखर भरपूर घाल, नाहीतर दात आंबतील, असं तो म्हणाला.

“आणि तुझे किती झाले तेही सांगून टाक,” तो म्हणाला. “त्या टेकडीवाल्याने अर्ध्या तासाचे बक्कळ घेतले.”

“काका, तुम्ही माझे अशील नव्हताच कधी.”

“म्हणून तर हे आणलं,” विल्फ म्हणाला. “असतो तर बिल भरलं असतं.”